‘स्टेशनरी’तला ‘ए’ आणि ‘ई’: एका पाटी रंगवणाऱ्याचं पत्र

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात आपण नाशिकातल्या एका दुकानाच्या पाटीचा फोटो छापला होता. पाटी इंग्रजीत, ‘बुक्स अँड स्टेशनरी’. त्यातल्या ‘स्टेशनरी’च्या शेपटीला ‘ई-आर-वाय’ हवं होतं, तिथं ‘ए-आर-वाय’ पडलेलं. खाली ओळ होती: ‘हे दुकान जागचं हलणार नाही!’ कारण ‘ए’ घातला की त्या शब्दाचा अर्थ होतो स्थिर, एका जागी उभं असलेलं. ‘ई’ घातला की वह्या, पेनं, पाकिटं, कागद. उच्चार दोन्हींचा एकच, फरक एका अक्षराचा. ओळ झकास जमली होती. आमच्या कट्ट्यावर तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला आणि सगळे हसले. दुकानाचं नाव आपण झाकलं होतं, पण शेजारच्या दुकानाचं शटर आणि विजेचा खांब दिसत होता. नाशिककराला तेवढं पुरतं. दुकानदार कोण ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

मी पाट्या रंगवणारा माणूस. ऐंशीच्या दशकात भद्रकालीत उस्तादांच्या हाताखाली ब्रश धुण्यापासून सुरुवात केली. मेन रोड, शालिमार, पंचवटी, नाशिकरोड, सगळीकडं कधी ना कधी शिडी लावली आहे. आता त्यातल्या बहुतेक पाट्यांवर फ्लेक्स चढले. तरी रस्त्यानं जाताना माझी मान वरच असते. ‘एक दिवस खड्ड्यात पडाल’ असं घरचे म्हणतात, आणि आपल्या रस्त्यांकडं पाहता त्यांचं चुकत नाही. सांगायचा मुद्दा असा, की ‘ए’वाली स्टेशनरी मी या शहरात इतक्या ठिकाणी पाहतो की एका दुकानदाराला फोटोत उभं करून हसणं मला पटलं नाही. ही चूक तो करत नाही. ती त्याला तयार मिळते. कशी मिळते ते लिहितो, आणि मग आपल्या छायाचित्रकाराची ती ओळ नकळत किती खरी निघाली तेही लिहितो.

नवीन पाटी हवी असली की आता दुकानदार फ्लेक्सवाल्याकडं जातो. मे महिना संपता संपता ही गर्दी असते, कारण जूनमध्ये शाळा उघडतात. दुकानदार व्हॉट्सॲपवर आपलं नाव, मोबाइल नंबर आणि गणपतीचा एक फोटो पाठवतो. संगणकावर बसलेला पोरगा दिवसाला पन्नास कामं काढणारा. तो कोऱ्या पानापासून कशाला सुरुवात करेल? मागच्या वर्षी दुसऱ्या कुणासाठी केलेली ‘बुक्स अँड स्टेशनरी’ची कोरल ड्रॉमधली फाइल तो उघडतो, नाव बदलतो, नंबर बदलतो, पिवळ्याचा निळा करतो, छापायला टाकतो. ‘स्टेशनरी’ हा शब्द तसाच राहतो. तो कुणी, कधी, कोणत्या गावात टाइप केला होता हे आता कुणालाच ठाऊक नाही. ती फाइल पेन ड्राइव्हवरून सिन्नरला गेली, ओझरला गेली, मेलवरून आणखी कुठं गेली. एका ‘ए’ची पिलावळ सगळ्या जिल्ह्यात झाली.

यात आणखी एक मेख आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. एका संगणकावरचा फॉन्ट दुसऱ्यावर नसला तर अक्षरं बिघडतात, म्हणून छपाईला देण्याआधी मजकूर ‘कर्व्ह’ करतात. म्हणजे अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. मग त्यात ‘ए’ पुसून ‘ई’ टाइप करता येत नाही. चूक दिसली तरी तो शब्द पहिल्यापासून घ्यावा लागतो, फॉन्ट शोधावा लागतो, सावली द्यावी लागते. रात्री नऊ वाजता हा खटाटोप कोण करतो? ‘चालतंय काका, कोण बघतंय,’ हे मी कानांनी ऐकलं आहे.

स्पेलिंग तपासायची सोय संगणकात असते ना, असं कुणी म्हणेल. असते. पण ती चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारते, आणि इथं शब्द चुकीचा नाहीच. ‘ए’वालाही डिक्शनरीत आहे, ‘ई’वालाही आहे. दोघंही साव, दोघांचेही कागदपत्र पूर्ण. दुकान कागदाचं आहे की उभ्या असलेल्या मोटारीचं, हे त्या रेघेला कसं कळणार? मोबाइलला तोंडानं सांगून लिहून घेणाऱ्यांची तर आणखी पंचाईत, कारण कानाला दोन्ही सारखेच.

आमच्या वेळी सगळं फार चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. जुन्या पाट्यांवरही चुका असत. पण उस्तादांचा एक दंडक होता. आधी पत्र्याला रेड ऑक्साइड, मग रंगाचे दोन हात. तो वाळला की दोऱ्याला खडूची भुकटी लावायची, दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधे चिमटीत धरून सोडायचा. सरळ पांढरी रेघ उमटते. त्या रेघांमध्ये सगळा मजकूर आधी खडूनं काढायचा. मग मालकाला बोलवायचं आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचायला लावायचं. मालक म्हणाला ‘बरोबर’, की मगच ब्रश रंगात. खडू फडक्यानं पुसता येतो, ऑइल पेंट पुसता येत नाही. मालकाला इंग्रजी येत नसलं तर उस्ताद त्याला मुलाची शाळेची डिक्शनरी घेऊन यायला सांगत. पाटी अर्धा दिवस अडून राहिली तरी चालेल, म्हणायचे.

त्या खडूच्या कामामुळं हे दोन शब्द माझ्या डोक्यात जाण्याआधी हातात गेले. इंग्रजी मोठ्या लिपीतला ‘ए’ हा तंबूसारखा, दोन्ही बाजूंनी तिरपा. ‘एन’ उभा. ‘एन’च्या शेजारी ‘ए’ आला की दोघांच्या मधे वरच्या बाजूला एक पोकळ त्रिकोण पडतो. तो मोजपट्टीनं मोजून चालत नाही, डोळ्यानं भरावा लागतो, म्हणजे ‘ए’ थोडा आत ढकलावा लागतो. ‘एन’च्या शेजारी ‘ई’ आला तर त्रास नाही. उभ्याला उभा लागून बसतो. ‘ई’ला तीन आडव्या काड्या, मधली जराशी आखूड ठेवायची, नाहीतर अक्षर जड दिसतं. त्यामुळं ‘एन-ई-आर’ ही तीन अक्षरं एका दमात निघतात. वह्यापुस्तकांच्या पाटीवर ‘एन’नंतर फट भरायची वेळ आली, की आपण चुकीचं अक्षर काढतोय हे हातालाच कळायचं.

पण हे झालं पेंटरचं. ज्यांना अक्षरं रंगवायची नाहीत त्यांच्यासाठी माझ्याकडं दुसरी खूण आहे, आणि ती मला मेन रोडनं फिरतानाच मिळाली. शाळेत सांगतात की ‘एन्व्हलप’चा ‘ई’ लक्षात ठेवा. ठीक आहे, परीक्षेपुरतं चालतं. मी सांगतो, स्टेशनरीच्या शेजारच्या पाट्या वाचा. बेकरी. ग्रोसरी. होजिअरी. क्रॉकरी. ज्वेलरी. कटलरी. सगळ्यांच्या शेपटीला ‘ई-आर-वाय’. जो भाजतो तो बेकर, त्याचं दुकान बेकरी. जो किराणा विकतो तो ग्रोसर, त्याचा माल ग्रोसरी. तसा जो कागद, शाई, पेनं विकतो तो स्टेशनर, आणि त्याचा माल स्टेशनरी. शब्दाच्या पोटात माणूस बसलेला आहे, आणि त्या माणसाच्या नावात ‘ई-आर’ आहे. कन्फेक्शनरीचंही तेच. तिथं कन्फेक्शनर बसलाय, म्हणून ‘ई’. ही पाटी तर गोळ्या-बिस्किटांच्या किती दुकानांवर ‘ए’नं लिहिलेली आहे विचारू नका.

(कटलरीवरून आठवलं. इंग्रजीत कटलरी म्हणजे सुऱ्या, काटे, चमचे. आपल्याकडं कटलरीच्या दुकानात टिकल्या, रिबिनी, बांगड्या, केसांचे चाप मिळतात. साहेब आला तर चमचा मागेल आणि हेअरपिन घेऊन जाईल. ही चूक आहे असं मी मानत नाही. आपण शब्द घेतला आणि आपल्या कामाला लावला.)

आता ‘ए-आर-वाय’वाले पाहा. प्रायमरी, सेकंडरी, टेम्पररी, ऑनररी. प्रायमरी कसली? शाळा. टेम्पररी कसली? नोकरी. ऑनररी कोण? संस्थेचा चिटणीस. हे सगळे दुसऱ्या शब्दाला चिकटणारे शब्द, व्याकरणात ज्यांना विशेषण म्हणतात ते. ‘ए’वाली स्टेशनरी याच बिरादरीतली. तिच्यापुढं कुणीतरी लागतं: स्थिर गाडी, स्थिर इंजिन, स्थिर निशाण. आमच्या आळीत देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. स्टेशनरी म्हटलं की त्यांना वही आठवतच नाही, तोफखान्यातलं न हलणारं लक्ष्य आठवतं. त्यांनी कधी पाटी रंगवून घेतली असती तर ‘ए’च सांगितला असता आणि त्यांच्या जागी ते बरोबर असते.

माझ्या खुणेला अपवाद आहेत, ते आधीच सांगतो, नाहीतर कुणी प्राध्यापक मला पुढच्या रविवारी पत्रातून धरतील. लायब्ररी आणि डिस्पेन्सरी ही ठिकाणं आहेत, तरी ‘ए’नं संपतात. सेक्रेटरी माणूस आहे, तोही ‘ए’चा. पण बाजारात गल्ल्यावर बसून विकायचा माल म्हटला की ‘ई’ सहसा दगा देत नाही.

‘ए’वाला शब्द नाशिकच्या घराघरावर उभा आहे, फक्त लिहिलेला नाही. गच्चीवरची टीव्हीची छत्री एकदा आग्नेयेकडं तोंड करून बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही. का? वर विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच, तिच्याच गतीनं फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एका जागी ठोकल्यासारखा असतो. अशा उपग्रहाला जिओस्टेशनरी म्हणतात, आणि त्यात ‘ए’ आहे. व्यायामशाळेतली जागच्या जागी पॅडल मारायची सायकलही ‘ए’चीच. एका जिमच्या दरपत्रकात मी ती ‘ई’नं लिहिलेली पाहिली. कागदाची सायकल! म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते, फक्त जिमपेक्षा वह्यांची दुकानं जास्त असल्यानं एकाच बाजूची नजरेत भरते.

आता आपल्या त्या ओळीकडं येतो. ‘हे दुकान जागचं हलणार नाही.’ संपादक महोदय, स्टेशनर या शब्दाचा मूळ अर्थ अगदी हाच आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त ग्रंथपाल आहेत, त्यांच्यापाशी हा विषय काढला तेव्हा त्यांनी मला बसवून सगळं समजावलं, आणि घरून जाड शब्दकोशही आणून दाखवला. लॅटिनमध्ये ‘स्तातिओ’ म्हणजे उभं राहायची जागा, ठाणं. रेल्वेचं स्टेशन आणि पोलीस स्टेशन तिथूनच आले. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते माल पाठीवर टाकून गावोगाव फिरायचे. विद्यापीठांच्या गावात पुस्तकांचा धंदा करणारे मात्र एका जागी दुकान मांडून बसत. म्हणून त्यांना म्हणू लागले ‘स्तातिओनारिउस’, ठाण्यावर बसणारा. त्याचाच इंग्रजीत झाला स्टेशनर. म्हणजे एकाच लॅटिन शब्दाची ही दोन पोरं. एकानं ‘न हलणारा’ हा अर्थ घेतला आणि बापाचा ‘ए’ही ठेवला. दुसऱ्यानं दुकान सांभाळलं, त्याच्या नावात ‘ई-आर’ आला, आणि अठराव्या शतकापर्यंत त्याच्या मालालाही त्याचंच नाव पडलं. ब्रिटिश सरकारनं १७८६ मध्ये कागद-शाईची खरेदी करायला वेगळं खातं काढलं, ते स्टेशनरी ऑफिस. ‘ई’चं.

ग्रंथपालांनी त्यापुढं जे सांगितलं ते ऐकून मला आमच्या फ्लेक्सवाल्या पोराची आठवण झाली. तेराव्या शतकात छपाई नव्हती. इटलीत बोलोन्याला, फ्रान्सात पॅरिसला मोठी विद्यापीठं होती, आणि विद्यार्थ्यांना लागणारे ग्रंथ हातानं उतरवून घ्यावे लागत. विद्यापीठानं मान्य केलेली मूळ प्रत या स्टेशनरकडं असायची. तो ती सुट्या भागांत ठेवायचा. विद्यार्थ्यानं किंवा त्याच्या लेखनिकानं एक भाग भाड्यानं न्यायचा, उतरवून परत करायचा, पुढचा भाग न्यायचा. एका वेळी एकाच ग्रंथावर अनेकांचं काम चालायचं. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. मूळ प्रतीत एक चूक राहिली की ती उतरवणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत जाणार. म्हणून बोलोन्यात या प्रती तपासायला विद्यापीठाची माणसं नेमलेली असत, आणि प्रत चुकीची निघाली तर स्टेशनरला दंड होई. भाडंही विद्यापीठच ठरवून देई. उतरवणाऱ्याला कुणी दंड केल्याचं ग्रंथपालांनी तरी सांगितलं नाही.

आमच्याकडं मूळ प्रत म्हणजे ती कर्व्ह केलेली फाइल. तिला कुणी तपासनीस नाही, आणि फोटो मात्र ज्यानं उतरवून घेतलं त्याचा छापून येतो.

लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ मध्ये झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. त्यानंतर इंग्लंडात छपाई कुणी करायची यावर दीडशे वर्षांच्या आसपास या कागदवाल्यांचाच वरचष्मा होता. कुणी कोणतं पुस्तक छापायचं याची नोंद त्यांच्या वहीत व्हायची, आणि आजच्या कॉपीराइटचं मूळ त्या नोंदींत सापडतं असं ग्रंथपाल म्हणाले. खोडरबर-पेन्सिल विकणाऱ्याच्या घराण्याचा दरारा एवढा मोठा होता हे मला नवीन होतं.

आणि लंडनपर्यंत तरी कशाला जायचं. नाशिकरोडला आपली सिक्युरिटी प्रेस आहे, १९२५ सालची. त्याआधी हिंदुस्थानची पोस्टाची तिकिटं लंडनहून छापून येत असत. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं, तेही तिकडूनच छापून आलं. प्रेस झाल्यावर हे काम नाशिकात आलं. तिकिटं जमवणाऱ्या मंडळींमध्ये, ज्या कार्डावर किंवा पाकिटावर तिकीट आधीच छापलेलं असतं त्याला पोस्टल स्टेशनरी म्हणतात. पोस्टकार्ड, आंतरदेशीय पत्र, छापील तिकिटाचं पाकीट हे सगळं त्यात येतं. आमच्या गल्लीत प्रेसमध्ये नोकरीला असलेली माणसं होती, त्यांच्याकडून हा शब्द लहानपणी कानावर पडायचा. ज्या गावानं देशाला पोस्टाची स्टेशनरी पुरवली, त्या गावात तरी हा शब्द ‘ई’नं लिहिलेला दिसावा असं मला वाटतं. हा माझा भाबडा अभिमान समजा.

कुणी म्हणेल, मराठीत लिहा, प्रश्नच मिटला. मिटतो खरा. देवनागरीत ‘स्टेशनरी’ एकच, तिथं ‘ए’ नाही आणि ‘ई’ही नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत असंही ठरलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा मला बऱ्याच वर्षांनी हातानं रंगवायची थोडी कामं मिळाली, त्याबद्दल मी न्यायालयाचा ऋणी आहे. पण त्या पाट्यांवर मराठी मोठं झालं आणि इंग्रजी खाली राहिलंच. आणि जे खाली राहिलं ते जुन्याच फाइलमधून आलं. एका गिऱ्हाइकाला मी ‘लेखनसामग्री’ सुचवलं होतं. सरकारच्या मुद्रण खात्याच्या नावात हाच शब्द आहे. तो म्हणाला, ‘मामा, नको. लोकांना वाटेल इथं सही-शिक्का घेऊन अर्ज करावा लागतो.’ त्याचंही खरं होतं.

पोरांचं काय होतं ते सांगतो. माझी नात सिडकोत सहावीत आहे. शाळेत शब्द लिहायला घातले, तिनं ‘ए’ घातला, बाईंनी खोडलं. तर ही म्हणते, ‘आपल्या गेटसमोरच्या दुकानावर एवढ्या मोठ्या अक्षरात तसंच लिहिलंय.’ बाई काय बोलणार? पोरगी रोज दोनदा ती पाटी वाचते, पुस्तकातला शब्द वर्षातून एकदा. मी तिला चौकात नेलं आणि बेकरीची पाटी दाखवली. ‘बेकर’वर बोट ठेवून वाचायला लावलं, तशी तिनं स्वतःच शेजारच्या ज्वेलरीच्या पाटीकडं पाहिलं. आता ती रिक्षातून जाताना चुकीच्या पाट्या मोजते आणि मला फोन करून सांगते. घराण्याची खोड पुढं गेली म्हणायची.

थोडं आपल्या अंकाबद्दलही बोलतो, रागावू नका. त्याच रविवारच्या अंकात आतल्या पानावर एका कार्यालयाची इंग्रजी निविदा सूचना होती. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. त्यांना वर्षभरासाठी ‘स्टेशनरी’ साहित्य खरेदी करायचं होतं, आणि ते ‘ए’चं. शब्दशः धरलं तर न हलणाऱ्या वस्तूंची खरेदी. उद्या कुणी गोदरेजच्या तिजोरीचं दरपत्रक भरलं तर कोणत्या कारणानं नाकारणार? दुकानदाराच्या पाटीवर हसायचं आणि पैसे घेऊन छापलेल्या सूचनेकडं पाहायचं नाही, हे काही बरं दिसत नाही. जाहिरातीचा मजकूर पार्टीकडून येतो आणि तो तसाच छापायचा असतो, हे मला कळतं. पण जाहिरात विभागातल्या माणसानं एक फोन केला तर पार्टी आभारच मानेल.

शेवटी कामाचं. तो फोटोवाला दुकानदार परवा माझ्याकडं आला होता. बिचारा खजील झाला होता, नवीन पाटीच करून टाकतो म्हणत होता. मी त्याला थांबवलं. त्याच्यासारखे आणखी असतील, त्यांनी खर्चात पडू नये म्हणून लिहितो.

आधी कागद पाहा. दुकानाच्या नोंदलेल्या नावातच ‘स्टेशनरी’ असेल आणि जीएसटीच्या दाखल्यावर, बँकेच्या खात्यावर ते ‘ए’नं चढलेलं असेल, तर पाटीला हात लावण्याआधी आपल्या कर सल्लागाराला विचारा. नाव हे नाव असतं. पाटीवर एक आणि चेकवर दुसरं असं झालं तर बँकेच्या खिडकीवर उभं राहावं लागेल. नोंदणीत दुरुस्ती करता येते, ती आधी करून घ्या. नावात नसून फक्त नावाखालच्या मालाच्या ओळीत असेल, तर कुणाला विचारायची गरज नाही.

पत्र्याची रंगवलेली पाटी असेल तर फक्त ‘ए’ झाका. त्यासाठी पाटीच्या जमिनीचा रंग डब्यातून तसाच लावू नका, कारण उन्हानं जुना रंग फिकटलेला असतो आणि नव्याचा चौकोन लांबून उठून दिसतो. पाटीचा कोपरा ओल्या फडक्यानं पुसून तिथला रंग पाहा आणि त्याला जुळवून घ्या. वाळल्यावर ‘ई’ काढा. ‘ए’ रुंद होता, त्यामुळं ‘ई’ त्या जागेत सैल बसेल. तेव्हा आडव्या काड्या जराशा लांब ओढा, पण ‘आर’ला चिकटवू नका. फ्लेक्स असेल तर रंग लावू नका, तो उन्हात पापुद्रे काढतो. त्याच रंगाच्या व्हिनाइलचा तुकडा घेऊन ‘ई’ कापून घ्या, खाली जमिनीच्या रंगाचा चौकोन चिकटवा आणि सकाळच्या वेळी, फ्लेक्स तापायच्या आत लावा. खर्च चहा-वड्याचा. आणि ज्यांच्याकडं पाटी छापली त्यांना फोन करून फाइल बदलायला सांगा. ते टाळाटाळ करतील, तर मजकूर मी कागदावर लिहून देतो, पैसे घेणार नाही.

त्या दुकानदाराचं काम मी गुरुवारी करतो आहे. फोटो पुन्हा काढायचा असेल तर आपल्या माणसाला दुपारनंतर पाठवा, सकाळी उजेड समोरून येतो आणि पाटी चकाकते.

आपला नियमित वाचक,
एक जुना पेंटर
पंचवटी, नाशिक

(नाव छापू नये ही विनंती. माझी काही जुनी गिऱ्हाइकं वकील आहेत आणि त्यांच्या पाट्यांबद्दल मी अजून काही बोललेलो नाही.)